कौतिकामायची चंची

"आ कर."

ताईनं तोंड उघडलं. कौतिकामायनं तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि आत पाहिलं. "जीभ वर कर." ताईनं जीभ वर केली. मग कौतिकामायनं स्वतःचं बोट ताईच्या एका गालातून दुसऱ्या गालात फिरवलं, लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, "जाय. बस आता."

मी पिशवी हातात घेऊन दारातच उभी होते. दिवाळीच्या सुटीत अमरावतीहून बहिणीकडे अकोल्याला आले होते आणि आल्याआल्या हे पाहत होते. बैलबाजारात दात पाहतात तसं माझ्या सख्ख्या बहिणीचं, शांताताईचं, तोंड तिची सासू तपासत होती. आणि माहेरी कोणाचं एक ऐकून न घेणारी माझी बहीण मुकाट्यानं तपासू देत होती. माझं डोकंच फिरलं. "ती काय जनावर आहे?" मी दारातूनच ओरडले.

म्हातारी जागची हलली नाही. "सुमे, आल्याआल्या भांडू नोको. पाय धू, पानी पे, मंग भांड. मी कुटी पयून जातो का?" आमच्या वऱ्हाडात बायासुद्धा 'जातो', 'येतो' असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला ते भांडण वाटतं. कौतिकामायचं खरोखरच भांडण असायचं, एवढाच फरक.

ती उंच, काळी, खांद्यात रुंद बाई होती. उभी हयात कापसाच्या जिनात सरकीच्या ढिगात गेलेली, त्यामुळे आवाज यंत्राच्या वर चढवून बोलायची सवय. घरातल्या घरात 'मीठ दे' म्हणाली तरी शेजारी मीठ घेऊन येत. कमरेला कापडी चंची खोचलेली असे. तिच्या कप्प्यांत तंबाखू, चुन्याची डबी, सुपारी. सगळं अकोट फैल, ताईच्या सासरची ती वस्ती, त्या चंचीवर पोसलेलं. कोणीही यावं, "माय, चिमूटभर दे" म्हणावं, आणि तिनं अख्खी चंची समोरच्याच्या हातात द्यावी. पण त्या दिवाळीत मी पाहिलं, ती चंची कोणाच्या हातात देत नव्हती. चिमूट स्वतःच्या बोटांनी काढून देत होती आणि लगेच नाडी आवळत होती. सगळ्यात आतल्या कप्प्यात कागदाच्या पुडीत ताईच्या गोळ्या होत्या.

शेजारच्या रुखमानं एकदा गोळीच मागितली. "माय, मलेबी उदास वाटते वो. एक दे ना."

"हे काय तंबाखू हाये वाटून खायाले? तुले उदास वाटते ते नवरा पगार पिऊन येते म्हनून. त्याची गोयी वेगळी हाये, थे मी उद्या त्यालेच देतो." गोळीला ती गोयी म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी रुखमाच्या नवऱ्याला तिनं खरंच चौकात उभं करून दिली. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

ताईला काय झालं होतं ते सांगते. लोकांना आधी कारण लागतं. मलाही लागलं होतं. सासुरवास? नव्हता. भाऊजी रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला, दारू नाही, हात उगारणं नाही. लेक झाली म्हणून टोमणे? बेबी झाली तेव्हा कौतिकामायनं सगळ्या फैलात गूळ वाटला होता. कारण काहीच नव्हतं, आणि त्यानंच सगळे घाबरले होते. आधी ताईची झोप गेली. मग जेवण गेलं. मग बोलणं गेलं. केस विंचरायला हात वर नेला की तो तिथंच राहायचा. बेबी मांडीवर येऊन बसली तर ताई तिच्याकडे पाही आणि हळूच म्हणे, "हिला माझ्याजवळ ठेवू नका. मी आतून सडली आहे." हे तिनं मला म्हटलं तेव्हा मी हसले. मला ती काहीतरी लागट बोलते आहे असंच वाटलं. अरे देवा, तिला ते अगदी खरं वाटत होतं!

फैलातल्या बायांनी निदान केव्हाच केलं होतं. बाहेरचं आहे. बार्शीटाकळीकडे एक भगत आहे, लिंबू उतरवतो, कोंबडा घेतो. कौतिकामायनं त्यांना ओट्यावर उभं केलं आणि विचारलं, "छप्पन साली दीक्षा घेतली तवा मी खंडोबा, मरीमाय, सारे टोपल्यात घालून नदीत सोडून आली. देवच ठेवले नाई घरात, तं भूत कोन्या हिशोबानं ठेवू?" भगत राहिला बार्शीटाकळीला.

देव गेले, भुतं गेली, पण तिच्या डोक्यातून एक गोष्ट काही गेली नव्हती. गरम आणि थंड. पपई गरम, मेथी गरम, अंडं गरम, इंजेक्शन तर विचारूच नका. ताक थंड, कांदा थंड, सब्जा थंड. माणसाला जे काही होतं ते गरम पडल्यामुळे किंवा थंडी बसल्यामुळे. वाईट बातमीनंसुद्धा तिच्या मते डोक्यात गरमी चढे. याचं पुढे काय झालं ते येईलच.

त्या दिवशी मी पाय धुतले, पाणी प्यायले आणि ठरल्याप्रमाणे भांडले. ती शांतपणे म्हणाली, "मले डाक्टरनं सांगतलं हाये. चाल, त्यालेच इचार." आणि चपला घालून निघालीसुद्धा.

काझी डॉक्टरांचा दवाखाना स्टेशनच्या बाजूला होता. नागपुरात शिकलेले, पन्नाशीचे, तोंडात पान, बोलणं अर्धं उर्दू अर्धं वऱ्हाडी. मी तावातावानं तक्रार केली. त्यांनी ऐकून घेतलं, पान थुंकून आले आणि म्हणाले, "बेटी, तुझ्या बहिणीच्या गादीखाली अम्माला गोळ्या सापडल्या. गालात धरून ठेवत होती, मग जमवत होती. कशासाठी जमवत असेल?"

मी उभी होते ती बाकावर बसले.

"ही गोळी मन उठवते. पण पुडीभर एकदम घेतली तर माणसाचं काळीज बंद पाडते. लेकरानं दोनचार गिळल्या तरी लेकरू हातचं जातं. म्हणून गोळी अम्माच्या कमरेला. म्हणून तोंड उघडून पाहायचं. शरम वाटू दे. शरम वाटली तरी माणूस जगतो."

"पण ही गोळी करते काय?" मी विचारलं. औषधाचं नाव इमिप्रामिन, एवढं मला पुडीवर दिसलं होतं.

ते हसले. "खरं सांगू? नीट कोणालाच ठाऊक नाही. मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारे रस असतात. निरोप दिला की ते रस परत शोषले जातात. ही गोळी त्यांना थोडा वेळ परत जाऊ देत नाही, असं अलीकडे म्हणतात. मग गुण यायला आठवडे का लागतात, ते मला विचारू नको. लागतात. त्याआधी फक्त त्रास होतो. तोंड सुकतं, पोट बांधतं, उठताना अंधारी येते. पुष्कळ लोक त्याच दिवसांत गोळी फेकून देतात."

कौतिकामाय सगळं लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे निरोप पोचून नाई राहिला," ती म्हणाली.

"बरोबर, अम्मा."

"कोनाचा?"

डॉक्टर म्हणाले, "तिचाच. तिलाच."

परत येताना ती माझ्या पुढे पुढे चालत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "भांडली ते बरं केलं. बहीन हायेस तू. नसती भांडली तं मले राग आला असता."

संक्रांतीपर्यंत ताई सुधारली. तिळगूळ वाटताना ती कोणाला तरी हसून बोलली, आणि भाऊजी मागच्या अंगणात जाऊन डोळे पुसून आले. मला अमरावतीला पत्र आलं की शांता जेवते, झोपते, बेबीला न्हाऊ घालते. आई म्हणाली, झालं, सुटलो. आम्हा सगळ्यांना वाटलं, आजार गेला. आजार गेला नव्हता, गोळी चालू होती. एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

मग उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला काय सांगू! दुपारी पत्रे तडतडतात, वारा अंगाला चटका देतो, माठातलं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट होतं. ताईचं तोंड गोळीनं आधीच सुकत होतं, आता जीभ टाळूला चिकटू लागली. ओठ फुटले. शौचाला होईना. कौतिकामायनं तिचं तोंड रोज पाहिलेलं, त्यामुळे ते तिला सगळ्यांच्या आधी दिसलं. तिनं मनाशी हिशोब केला. तोंड सुकलं, ओठ फुटले, पोट बांधलं. आता हे गरम पडलेलं नाही तर काय? औषध चांगलं आहे, पण ते हिवाळ्याचं आहे. गूळ-शेंगदाणे नाही का आपण उन्हाळ्यात बंद करत? तिनं गोळी बंद केली. एका दिवसात, एकदम. चंचीत नीट बांधून ठेवली, पाऊस पडल्यावर सुरू करायला.

बदल्यात तिनं जे केलं ते कोणी पोटच्या पोरीसाठीही करणार नाही. सब्जा भिजवला, कैऱ्या उकडून पन्हं केलं, गुलकंद आणला, ताईच्या तळपायांना कांद्याचा रस चोळला. पहिले काही दिवस ताईला मळमळलं, डोकं दुखलं, झोप उडाली. औषध असं एकदम तोडलं की होतं तसं. कौतिकामाय म्हणाली, गरमी निघून राहिली. मग मळमळ थांबली, तोंडाला पाणी सुटलं, ओठ बरे झाले, ताई ताक मागून पिऊ लागली. "पाह्य," ती भाऊजींना म्हणाली, "म्या सांगतलं व्हतं." आणि काही आठवडे खरंच सगळं छान होतं. तिथंच तर सगळा घात झाला.

मी त्या वेळी अमरावतीला अध्यापिका विद्यालयाची परीक्षा देऊन नोकरीची वाट पाहत होते. भाऊजी स्वतः घ्यायला आले. माणूस आठ दिवसांत वाळून गेला होता. मी अकोल्याला पोचले तर ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला ओळखलं, पण ओळखून काही उपयोग नाही असं तिचं पाहणं. "सुमन, तू कशाला आलीस," ती म्हणाली, "माझ्यानं आता काही होत नाही." पहिल्यापेक्षा वाईट होतं. कौतिकामाय तिच्या उशाशी बसली होती आणि मी तिला पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना ऐकलं. "माह्यानं चुकलं काई तरी, सुमे. काय चुकलं ते समजून नाई राहिलं."

काझी डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अम्मा, बंद का केली?"

"गरम पडून राहिली व्हती."

"ती गोळी गरम नाही."

"मंग थंडी हाये?"

"थंडीपण नाही. ती थुंकी कमी करते. तोंडातला ओलावा कमी होतो, बस. पाणी पाज, लिंबाची फोड चघळायला दे. पण गोळी तोडायची नाही."

"गरमबी नाई, थंडीबी नाई," कौतिकामाय कळवळून म्हणाली, "तं हाये काय थे? जगात अशी कोनती वस्तू असते?"

दुसरी कोणतीही वेळ असती तर मी हसून लोळले असते. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या गुडघ्यापाशी येऊन बसले. "मला नाही माहीत. तू समज, तिसरी वस्तू आहे. पण मला विचारल्याशिवाय एक दिवस बंद करायची नाही, एक जास्त द्यायची नाही, सोबत झोपेची गोळी नाही, दारूचा थेंब नाही. आणि आता मी सांगतो ते सगळ्यात मोठं आहे. गोळी पुन्हा चढायला लागेल तेव्हा हातपाय आधी उठतील. मन मागून येईल. आता तिच्यात काही करायची ताकदच नाही. मधल्या दिवसांत ताकद येईल आणि मन असंच काळं असेल. ती उठून कामाला लागली की तुम्ही सगळे खूश व्हाल. तेव्हाच तिला एकटी सोडायची नाही. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, चुकीची बोच असेल. कारण वेगळं होतं, ते मला नंतर कळलं.

त्यांनी सांगितलं तसंच झालं. पावसाळा चांगला लागला होता, गल्लीत चिखलाचा राडा होता. एका सकाळी ताई उठली, चूल पेटवली, भाऊजींना डबा करून दिला. भाऊजी इतके हरखले की डबा घरीच विसरून गेले. मीही हरखले. एकटी कौतिकामाय नाही. त्या दिवसापासून ती ताईची सावली झाली. ताई शौचाला गेली तर ही बाहेर उभी. ताई मागच्या विहिरीवर पाण्याला गेली तर ही मागे. न्हाणीला कडी लावू देत नसे. फैलात कुजबुज सुरू झाली की सासू सुनेला श्वास घेऊ देत नाही. माझी आई भेटायला आली ती ते पाहून रडून गेली. मीसुद्धा म्हटलं, "कौतिकामाय, ती आता बरी आहे ना?"

"बरी दिसून राहिली," ती म्हणाली. "मले थ्याचंच भेव हाये."

एका दुपारी ताईनं केस धुतले, धुवट पातळ नेसली, बेबीला तेल लावून वेण्या घातल्या. मला पेटीतलं तिचं लग्नातलं पातळ काढून दिलं. "तुला शोभेल," म्हणाली. मला किती आनंद झाला! मी ते अंगाला लावून पाहत होते. कौतिकामाय ओसरीत तुरीची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली. "काहून देऊन राहिली व तिले?"

"मला कुठं लागतं, आत्याबाई," ताई म्हणाली. आवाज अगदी हलका, गोड. "पाणी घेऊन येते."

ती मागच्या दारानं गेली. मी पातळ बघतच होते. कौतिकामायनं सूप खाली ठेवलं आणि तिची नजर चुलीशेजारी गेली. घागर तिथंच होती.

तिच्या वयाच्या बाईला मी तसं धावताना कधी पाहिलं नाही. मी मागून पोचेपर्यंत विहिरीच्या काठावर चिखलात दोघी पडलेल्या होत्या. कौतिकामायच्या एका मुठीत ताईचा पदर, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरलेला, आणि ती आपलं सगळं वजन तिच्यावर टाकून बसली होती. ताई रडत नव्हती. "सोडा ना, आत्याबाई," एवढंच म्हणत होती, अगदी कंटाळल्यासारखी. मी चिखलात बसून तिचे पाय धरले.

बाया जमल्या. ओरड, धावपळ. मग रुखमा पुढे आली. चांगल्या मनानंच बोलली ती, मला ठाऊक आहे. "पाय घसरला असंल वो. चिखल केवढा हाये." लगेच दुसरी म्हणाली, "हो ना. घसरलाच." तिसरीनं मान हलवली. आमच्याकडे विहिरीवर असं काही घडलं की हा शब्द आपोआप पुढे येतो. त्यानं अब्रू राहते, पोलीस येत नाही, कोणाला कोणाकडे पाहून लाज वाटत नाही. मीही म्हणणार होते, "हो, घसरला." तोंडापर्यंत आलं होतं.

"पाय नाई घसरला," कौतिकामाय म्हणाली. जिनातला तो आवाज. "पाय बरा हाये तिचा. जीव द्याले आलती."

"माय, हळू बोल," रुखमा घाबरून म्हणाली. "केस होते अशानं."

"होऊ दे. माह्या गंगूच्या वक्ती मीच बोलली व्हती, पाय घसरला म्हनून. पोलीसपाटलाले सांगतलं, तिच्या सासरच्याईले सांगतलं. साऱ्याईनं मान हलवली. मंग कोनाले काई इचाराचंच नाई रायलं. बिमारी व्हती थे. हिलेबी थेच हाये. ज्याले नाव ठेवाचं त्यानं ठेवा, पन पाय म्हनू नोका."

गंगू तिची मोठी लेक, भाऊजींची बहीण. चांदूर रेल्वेला दिली होती आणि आमचं नातं जुळायच्या आधीच वारली होती. विहिरीवर पाय घसरून वारली, असंच आम्हाला सांगितलं होतं. भाऊजींनाही तेवढंच ठाऊक होतं. ते कामावरून आले, गंगूचं ऐकलं आणि ओट्यावरच बसून राहिले. त्यांना आत यायला बराच वेळ लागला.

केस वगैरे काही झाली नाही. फैलातून बाहेर कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी कौतिकामायनं डॉक्टरांना सगळं स्वतः सांगितलं, काही न लपवता. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं, ताईला रोज दवाखान्यात आणायला सांगितलं, आणि तिच्याशी दार लोटून रोज थोडं बोलत बसले. कोणीतरी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव काढलं. ते म्हणाले, घर जागं आहे तोवर घरीच राहू द्या. आम्ही पाळी लावली. आता रुखमापण पाळीत होती. एकदा खरं बोलून झाल्यावर बायांना राखण करायला लाज वाटेना. ताईलासुद्धा थोडं हलकं झालं असावं. "सगळ्यांना कळलंच आहे आता," असं ती एकदा मला म्हणाली.

मन मागून आलं. कधी आलं ते सांगता येत नाही. एक दिवस वांगी किडकी दिली म्हणून ताई भाजीवालीशी कडाकडा भांडली, आणि आम्ही सगळे दारात उभं राहून ते भांडण कौतुकानं ऐकत होतो. पुढचा उन्हाळा आला. तोंड सुकलं, लिंबाच्या फोडी चघळल्या, गोळी एक दिवस चुकली नाही.

मला पुढे दर्यापूरकडे नोकरी लागली, माझं लग्न झालं. कौतिकामाय एकोणसत्तर साली तापानं गेली. आजारी पडली आणि चार दिवसांत संपली. कोणाला सेवा करू दिली नाही. तिच्या मयतीला काझी डॉक्टर आले होते, चिखलात चपला हातात घेऊन. पण माझ्या मनात तिचं शेवटचं म्हणून राहिलं आहे ते त्याच्या आधीचं, गोळी सुटली त्या दिवसाचं.

डॉक्टर म्हणाले होते की आता सोडून पाहू. तर ही बया तयार होईना! "उन्हाळ्यात म्या बंद केली तं माह्यासमोर कपाळ बडवून घेतलं, आन् आता सोता बंद करून राहिले?" त्यांनी समजावलं, एकदम नाही, थोडी थोडी कमी करू, काही महिने लागतील, वाईट वाटलं तर पुन्हा सुरू करू. ते महिने तिनं जीव मुठीत धरून काढले. शेवटची गोळी दिली त्या दुपारी मी योगायोगानं अकोल्यात होते. ताईनं गोळी घेतली, पाणी प्यायली. कौतिकामायनं चंचीच्या आतल्या कप्प्यात बोट घालून पाहिलं. काही उरलं नव्हतं. तिला काय करावं कळेना.

"आत्याबाई," ताई म्हणाली, "भिऊ नका. आता पुन्हा तसं वाटायला लागलं, तर मी तुम्हाला सांगीन. विहिरीकडे जाणार नाही. आधी तुमच्याकडे येईन."

मला वाटलं, कौतिकामाय खूश होईल. तिचा चेहरा वाकडा झाला, आणि त्या एवढ्या दांडग्या बाईला हुंदका आवरेना.

"गंगूनं मले सांगतलं व्हतं, शांते," ती म्हणाली. "माहेरी आलती. म्हने, माय, मले जगावंसं नाई वाटत. म्या म्हनलं, कामाले लाग, बरं वाटते. आन् दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून देली."

ताईनं तिला जवळ ओढलं आणि डोकं छातीशी धरलं. सून सासूला कुशीत घेते हे अकोट फैलात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी बेबीला घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता, आणि तो एकटीचा नव्हता.